डॉरिन आंटींचं गाणं आणि आईचं सरतं

६ जानेवारी, सुलतानपूर. आज आई आणि मी ओट्यावर तुरीचे सोले काढायला बसलो. उद्या मला पुण्याला निघायचंय, सोबत न्यायचे होते.

मेहकरच्या स्टँडवरून मी पहिल्यांदा निघाले ती अठराव्या वर्षी, नर्सिंगला. गाडी हलताना आई खिडकीतून म्हणाली, "ज्याच्या घरी राहशीन, त्याच्या कामी पडजो." घर मिळालं पुण्याच्या कॅम्पात, डॉरिन आंटींकडे. त्या हॉटेलांत जॅझ गायच्या. लोक जेवायचे, त्या गायच्या. नावावर एकही रेकॉर्ड नव्हती. मला इंग्रजीत ड्युटी रिपोर्ट लिहायला त्यांनीच शिकवलं.

बहात्तराव्या वर्षी त्यांनी आठ गाण्यांचा अल्बम केला. साथीला पियानो आणि बास, बस्स. मी एकदा ऐकला. वरचे सूर गेलेले, प्रत्येक ओळ पियानोच्या मागून येणारी. मला त्यात दम न पुरणारी बाई ऐकू आली. "छान आहे आंटी," म्हटलं आणि ड्युटीला गेले. इतरांनी तेवढंही म्हटलं नाही.

या दिवाळीनंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, अल्बम कुणी ऐकला का? मी म्हटलं, खूप जणांनी. त्यांनी खाली लिहिलं, काय म्हणाले?

ड्रेसिंग, सक्शन, औषधांच्या वेळा, सगळं मला येतं. याचं उत्तर येईना. घरच्या ग्रुपवर गाणी टाकली. भावानं लिहिलं, "झोप येऊन राह्यली ताई." बाकीच्यांनी अंगठे पाठवले.

म्हणून आज फोन आईपुढं ठेवला. पाचव्या गाण्याला तिचे हात थांबले. मीच विचारलं, थकल्यासारखी वाटते ना?

"थकली नाही. मांगून चालून राह्यली. सरत्यावरची बाई चालते ना, तशी. बैल पुढं जाऊ देते, मंग मूठ सोडते. घाई केली का बी एका जागी पडते."

पेरताना तिफणीमागं दोरीनं बांधलेली नळी असते, ते सरतं. त्यातून हातानं बी सोडत आईनं चाळीस वर्षं पेरलंय. मी गाणं पुन्हा लावलं. खरंच, पियानो पुढं निघून जातो, आंटी जागा रिकामी होऊ देतात, आणि शब्द नेमका तिथं पडतो. खालचा सूर नुसता धरतात, हलवत नाहीत. चार वर्षं हे माझ्या फोनमध्ये पडून होतं.

आईला म्हटलं, हेच फोनमध्ये बोल, आंटींना ऐकवते. "मले त्याईची भाषा येते काय?" म्हणत ती सुपलं घेऊन आत गेली.

संध्याकाळी आंटींच्या भाचीचा फोन आला. आंटी आता पाटी धरत नाहीत, डोळेही क्वचित उघडतात. मी तिथं असते तरी काय केलं असतं? गावी राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनी घर म्हणजे काय ते आपापलं ठरवावं. माझ्यापुरतं घर म्हणजे दोन गावं, दोन्हीकडं माझी माणसं, आणि इकडचं तिकडं न्यायला मी एकटी. तेही उशिरा.

७ जानेवारी. सकाळी गाडीची वाट बघताना भाचीला फोन करून तो आंटींच्या कानाशी धरायला सांगितलं. इंग्रजीत सुरुवात केली, पण सरत्याला शब्द सापडेना. मग आईचं बोलणं आईच्याच बोलीत सांगितलं. पलीकडून ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे तेवढे ऐकू आले. मी आणखी एकदा सांगितलं, सावकाश.