तळ्यात सोडलेलं तळं

आठवीची परीक्षा संपली आणि माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली आली. फौजी माणूस, तीन वर्षं झाली की चला पुढे. मी त्यांची नक्कल करायचे, छाती काढून, 'सामान कम, अनुशासन ज़्यादा', आणि ती हसून लोळायची. त्या दिवशी हसली नाही.

"पाच गावं झाली यार," म्हणाली. "एकपण धड आठवत नाही मला. झाशीपण जाईल बघ."

मग मी ठरवलं, हिला झाशी चिकटवूनच द्यायची. सगळी नाही तरी लक्ष्मी ताल, आमचं तळं. आम्ही दोघी तिथेच तर बसायचो.

बड्या बाजारातल्या साडीवाल्या भैयाला त्याच्याच आवाजात 'बहनजी, पक्का रंग है' करून दाखवलं, त्याने हसत खोक्याचा मोठा पुठ्ठा दिला. घाटाच्या पायऱ्यांना गोंदावर वाळू. झाडांना कडुलिंबाच्या काड्या. आईच्या फाटक्या निळ्या साडीचं पाणी, जरा चुण्या पाडून, म्हणजे लाटा. पलीकडे टेसूच्या, म्हणजे पळसाच्या पाकळ्या, केशरी. फक्त पाण्यात कमळं हवी होती, आणि ती मला मागच्या अंगणात टोपलीत सापडली.

बाबा नोकरीला बँकेत, पण तळ्याकाठच्या देवळात महिन्यातून एक आठवडा पूजेची पाळी आमच्या घरची. देवीवरून उतरलेली फुलं त्या टोपलीत साठायची आणि आठवडा संपला की बाबा ती तळ्यात सोडायचे. निर्माल्य आहे हे मला माहीत होतं. पण वाळलेलं फूल ते वाळलेलं फूल, असं वाटलं. कमळाच्या पाकळ्या कागदासारख्या झालेल्या. छान बसल्या.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी ते पाहिलं. रविवारी सकाळी अकराची तिची गाडी.

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोट फक्त कमळावर ठेवलं आणि विचारलं, कुठली. मी सांगितलं. आई म्हणाली, तेवढी काढून टाक ना. मी नखाने एक पाकळी उचलली, तिच्याबरोबर सगळं पाणी निघून आलं. खाली खोक्यावरचं दुकानाचं नाव दिसायला लागलं.

"बेटा, हे ट्रंकेत जाणार. वर बूट येतील, भांडी येतील," बाबा म्हणाले. "देवीचं आहे. मी नाही देऊ शकत."

मी काय काय केलं. रडले, मग त्यांना हसवायला त्यांच्या बँकेतल्या मॅनेजरसाहेबांची नक्कल केली, जी त्यांना सगळ्यात आवडायची. ते हसले नाहीत, रागावलेपण नाहीत. त्यांचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत. भांडणार कोणाशी?

सकाळी आम्ही दोघं तालावर गेलो. बाबांनी टोपली रिकामी केली, मग माझ्याकडे बघितलं. मी पुठ्ठा पाण्यावर ठेवला. बुडेनाच. चित्र वर, तसाच तरंगत काठच्या जलपर्णीत जाऊन अडकला. घरात कॅमेरा असता तर एक फोटो तरी काढला असता. बाबा म्हणाले, भिजला की जाईल खाली. उशीर होत होता, आम्ही निघालो.

स्टेशनवर मैत्रीण खिडकीत बसली होती. माझे हात रिकामे. मीच सांगून टाकलं सगळं.

"मग सांग तरी, काय काय होतं त्यात," ती म्हणाली.

मी खालच्या कोपऱ्यापासून सुरू केलं. पायऱ्या, वाळू कुठून चाळून आणली, तिसरी पायरी जरा तुटकी केलेली, कारण खरी तुटकीच आहे. तिने मान हलवली. मग काड्या, कुठलं झाड कुठे. मी खिडकीबरोबर चालायला लागले होते हे मला कळलंच नाही. पाणी सांगायचं राहिलं होतं अजून, आणि गाडीने वेग घेतला.