खाचांतले खडे

त्यांचं नाव विचारायचं राहिलंच. पनवेलला टायरच्या दुकानात मी पंक्चर काढायला थांबलो होतो. हे काका त्यांच्या जुन्या जीपचे टायर बदलत होते.

"हे खडबडीतच घ्या काका," दुकानदार म्हणाला. "चिखल, दगड, कुठंही जाल."

काकांनी खोल खाचांतून अंगठा फिरवला आणि टायर बाजूला सारला.

"साधेच दे. आमचा गाव विमानतळाखाली गेला, तवापासून जीप उभीच हाय. आता करंजाड्यात नवं घर दिलं, तिथं सगलं डांबर."

मग ते काढलेल्या टायरांपाशी उकिडवे बसले. किल्लीनं खाचांतले खडे उकरून रुमालात ठेवू लागले.

"भंगारातच जाणार ना ते? कशाला साफ करताय?" मी विचारलं.

"साफ नाय करत," ते मान वर न करता म्हणाले. "ही आमच्या घराची वाट हाय."