अकोल्याचा जोडा

मंजुश्री माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहते. चिखलीच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवते आणि सुट्टी मिळाली की कडे चढायला जाते. चाळिशी उलटली, लग्न केलेले नाही. गणित आणि डोंगर एवढ्यावर तिचे भागते. वडनेर भोलजीला राहणाऱ्या तिच्या आईचे, कौशल्याबाईंचे, भागत नाही.

डोंगरासाठी तिचे तपकिरी बूट होते, घोट्याच्या वर जाणारे. कितीदा टाके घातले, कितीदा नाड्या बदलल्या. परत आली की चहाच्या आधी ती बूट पुसायला बसायची. एका गुरुवारी पुसतानाच उजव्या बुटाचा तळ सुटून तिच्या हातात आला. रविवारी सोनाळ्याच्या पलीकडे सातपुड्यात चढाई होती आणि दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे जायचा मान तिला पहिल्यांदाच मिळाला होता.

"काकू, पायावर भरवसा नसला तं पुढं कशी जाऊ? माझी जागा दुसऱ्याले द्यावी लागन."

शुक्रवारी आम्ही दोघी अकीलच्या दुकानात गेलो. त्याने जुना बूट उलटासुलटा केला. "मॅडम, चिकटवून देतो. शेतात चालतील, कड्यावर नाही." मग नवे दाखवले. एक प्रकार तिला आवडला, पण तिचा नंबर दुकानात नव्हता. अकोल्याहून मागवायचे ठरले. तिने इसार दिला आणि घरी येताच हरखून आईला फोन लावला. आमच्याकडे बुटांनाही जोडाच म्हणतात.

"आई, जोडा पसंत पडला मले. अकोल्याचा आहे. उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राह्यला. जरासा कडक आहे, पण हळूहळू नरम पडन."

पलीकडे काय ऐकले गेले, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. कौशल्याबाई आणि त्यांचे भाऊ अर्जुनराव एसटीने येऊन माझ्या ओट्यावर उभे. पिशवीत नारळ, पेढे आणि पँट-शर्टाचे कापड.

"काऊन वं, पावना आला का?"

"कोणता पाहुणा, आई?"

"अकोल्याचा. पसंत पडला म्हने ना तुले."

मंजुश्रीने आपल्या पायांकडे बोट केले. आधी अर्जुनरावांच्या ध्यानात आले. ते पायरीवर बसले आणि तोंडाला रुमाल लावून हलू लागले. "ताई, आपन जावई पाहाले आलो, अन् हे तं पायात घालाचं निंघालं."

"तरीच म्हनलं," कौशल्याबाई भाचीसमोर हसणाऱ्या भावाकडे न बघता म्हणाल्या, "कडक हाय म्हनून कोनी आपल्या तोंडानं सांगते का?" मग पदर खोचला. "चाल, दाखव तं खरी तुझा अकोलेवाला."

अकीलच्या दुकानात खोके आलेले होते. मंजुश्रीने बूट घातले, टाचा आपटल्या, दुकानाच्या पायरीवर नुसत्या चवड्यांवर उभी राहिली. बूट पायाला गच्च बसले होते. तिचे डोळे चमकत होते. तेवढ्यात आईचा हात आडवा आला.

"आज शनिवार हाय. शनिवारी जोडा घरात आनत नाहीत."

मंजुश्रीचा चेहरा पडला. दुपारी चढाईला जाणारी जीप निघणार होती. रविवारी घ्यायचे म्हटले तर चढाई संपलेली असणार. आईचा शब्द मोडून कड्यावर जाणारी ती नाही, हे मला माहीत आहे. कड्यावर मनात किंतू चालत नाही.

अकील खोक्याचे झाकण लावत शांतपणे म्हणाला, "मावशी, सौदा तर शुक्रवारीच झाला. इसार घेतला मी. आज फक्त पाठवणी आहे."

कौशल्याबाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. "मोठा आला पाठवनी करनारा," म्हणत त्यांनी पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढे उघडला.

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून खोबरेल मागून घेतले आणि अंगणात बसून नव्या बुटांच्या चामड्यावर चोळू लागल्या. "लग्नाची हयद नाही तं नाही, तेल तं लावू दे." मंजुश्री ते घालून जीप येईपर्यंत अंगणात फेऱ्या मारत होती.

रविवारी दुपारी मुक्कामाला राहिलेल्या कौशल्याबाई आणि मी फोनपाशीच होतो. वाऱ्याच्या आवाजात तिचा आवाज आला. ती वर पोचली होती, सगळ्यांच्या आधी.

"नरम पडला का?" आईने विचारले.

"पडून राह्यला, आई."

गावी परतताना कौशल्याबाईंनी अकीलकडून चिकटवून आणलेले जुने बूट पायात घालून पाहिले. मायलेकींचा नंबर एकच. आता त्या कपाशीत ते बूट घालून हिंडतात आणि कोणी विचारले की सांगतात, पोरीचा पहिला जोडा आहे.