खडूकाकांची सही

खडूकाका गाडीत चढून बघितल्याशिवाय कागदावर सही करत नसत. वाडीतल्या आमच्या गोदामातून रोज पंधरा-वीस ट्रक सुटत, आणि प्रत्येक ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून हा साठीला टेकलेला माणूस वर चढे, खोक्यांवर थापा मारत पार आतपर्यंत जाऊन येई आणि मगच खिशातलं पेन काढी. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकत. काका वरूनच ओरडत, "खालून पाहून सही कराले मी का मंत्री हाव?"

कानामागे खडूचा तुकडा, म्हणून ते खडूकाका. त्यांचं आडनाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. प्रत्येक खोक्यावर ते गावाचं अक्षर टाकत. वर्ध्याचा व, यवतमाळचा य, पुसदचा पु. शेवटच्या गावाचा माल सर्वांत आधी आत जायचा आणि पहिल्या गावाचा सर्वांत शेवटी, दाराशी. म्हणजे वर्ध्याला दार उघडलं की वर्ध्याचाच माल हाताशी यावा. यात शिकण्यासारखं काही असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मी तिथे मॅनेजर म्हणून लागलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. माझ्याकडे पदवी होती, लॅपटॉप होता, आणि दर दोन वाक्यांनी 'आमच्या कॉलेजात' म्हणायची खोड होती. जुनी माणसं आम्हाला 'लॅपटॉपवाले पोट्टे' म्हणत आणि आम्ही त्यांना 'म्युझियम'. काकांनी मला आठवडाभर ऐकून घेतलं. मग एका दुपारी चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन म्हणाले, "राजा, एक सांगू? सहा महिने कॉलेजचं नाव नको घेऊ. आन् इथं लेबरच्या बाकावर बसून चहा पेत जा. कोनती गाडी कुठं अडते हे त्यायलेच मालूम राहते."

चारचौघांत मी त्यांचा 'साहेब' होतो आणि एकटा सापडलो की 'राजा'. माझी चूक ते कधी हमालांसमोर दाखवत नसत. 'राजा' अशी हाक आली की मी समजायचो, आज काहीतरी चुकलंय. "काहून लाजतं विचारायले? विचारल्यानं डिग्री वापस घेत नाही कोनी," असं ते म्हणत. मी हसून मान डोलवायचो आणि विचारायचो मात्र नाही.

मग मी गोदामात नवी संगणक-यादी आणली. खडू बंद, अक्षरं बंद, यादीत ज्या क्रमाने नाव येईल त्या क्रमाने माल आत. गावांचा क्रम मीच भरला होता: वर्धा, यवतमाळ, पुसद. गाडी ज्या क्रमाने जाणार तोच. तो भरताना उलटा करावा लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिली गाडी औषधांची होती. पुण्याचे मोठे साहेब पडद्यावर वेळ बघत बसले होते, आणि काकांच्या सहीशिवाय गेटपास निघत नव्हता. काका फाळक्याकडे निघाले तसा मी त्यांच्यापुढे कागद धरला. "काका, आजच्या दिवस राहू द्या ना. उशीर दिसतोय तिकडे."

ते क्षणभर थांबले. "तुह्या यादीची पहिली गाडी हाय," असं म्हणून त्यांनी खाली उभं राहून सही केली.

वर्ध्याला दार उघडलं तर समोर पुसदचा माल. वर्ध्याचा सगळा तळाशी. तिथल्या माणसांनी भर उन्हात अर्धी गाडी रस्त्यावर उतरवली, काचेच्या बाटल्यांची खोकी फुटली, आणि कंपनीचा सर्वांत जुना ग्राहक दुसऱ्या दिवशी तुटला.

चौकशीत पडद्यावरून प्रश्न आला, "गाडी कोणी भरली?" काका माझ्याकडे वळले. "साहेब, यादीचं तुम्ही सांगता का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी मला सरळ वाट काढून दिली होती. माझी नोकरी पक्की व्हायला एकोणीस दिवस उरले होते. मी म्हणालो, "यादी सिस्टीमने काढली होती, सर."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. म्हणूनच आजही त्याची जास्त लाज वाटते.

काका म्हणाले, "सही माही हाय." निवृत्तीला आठ महिने राहिले असताना त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. जाताना ते सगळ्यांना भेटले, मलाही. त्या दिवशी आम्ही दोघंच उभे होतो, तरी ते मला 'साहेब'च म्हणाले.

आता मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी मार्गदर्शन करतो. लेबरच्या बाकावर चहा प्या, विचारल्याने डिग्री परत घेत नाहीत, वगैरे. मुलं हसतात, टाळ्या वाजवतात. हे कोणाचं, ते मी आजवर एकदाही सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. "जयभीम साहेब. पोरगी नोकरीले लागली, पुण्याले चालली. तिले दोन गोष्टी सांगा ना." रविवारी सकाळी संत्रा बर्फीचा डबा घेऊन गेलो. आज बोलून टाकायचंच, असं वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. मुलगी, प्रज्ञा, वही उघडून समोर बसली. काका दाराशी खुर्चीत. तिने विचारलं, "सर, ऑफिसात आपल्या हातून चूक झाली, अन् कोणालाच माहीत नसली, तर काय करायचं?"

"कोणी विचारायच्या आधी आपणच सांगून टाकायचं," मी म्हणालो. "उशीर झाला की मग तोंड उघडत नाही."

"लिही बाई," काका म्हणाले. "साहेब खरं सांगून राहिले."

तिने लिहून घेतलं. मी चहा संपवला. काका मला रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि माझ्या गाडीशी उभे राहिले. आत जायची त्यांना काही घाई नव्हती. मी किल्ली शोधल्यासारखं केलं, ती हातातच होती.

"येतो, काका," एवढंच माझ्याच्याने बोलवलं.