निमोण्याच्या रानात सांडलेली गंगा

आमच्या ह्यांनी काशीहून सायकलवर गंगा आणायचं ठरवलं, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही. ताट वाढायचं, पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि तोंड फिरवून बसायचं. राग येणार नाही तर काय होणार? माणूस नुकता कुठे उभा राहिला होता. सगळी नोकरी दौंडच्या रेल्वे यार्डात, रूळ बदलणारा पॉइंटमन म्हणून उभ्यानं केली, आणि सुटायची वेळ जवळ आली तर अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू पडली. खुटबावच्या घरात ओसरीवर खाट टाकून दिली, तिथून समोर महादेवाचा कळस दिसायचा. पडल्या पडल्या त्याच्याकडं बघत त्यांनी मनातल्या मनात बोलून ठेवलं होतं, हे पाय परत दिलेस तर ह्याच पायांनी गंगा आणून तुझ्या डोक्यावर घालीन. मला तेव्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, अहो, जवळची एखादी नदी बोला की, आपली भीमा काय वाईट आहे?

खरं सांगायचं तर माझं आणि देवाचं तेव्हा पटत नव्हतं. मी दिवा लावायचे, पण ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरात लावावा तसा. त्याला हवं तेव्हा पाय काढून घ्यायचे, हवं तेव्हा द्यायचे, आणि वर माणसानं त्याला गंगा आणून घालायची, हा कसला व्यवहार, असं मला वाटायचं.

हे चालायला शिकले ते सायकल धरून. काठी धरायची लाज वाटायची त्यांना. सायकल हातात असली की लोकांना वाटतं, माणूस कुठंतरी निघालाय. अशी धरता धरता एक दिवस टांग मारली आणि पार चौफुल्यापर्यंत जाऊन आले. त्या दिवशी मला नवस सांगितला. जाताना रेल्वेचा पास होता, तेव्हा जाताना गाडीनं आणि येताना पायांनी, असं ठरलं. एकट्याला सोडते होय मी? मला सायकल येत होती, स्टेशनावर भाजी घालून घालून शिकलेले. नऊवारीचा काष्टा सायकलीला किती सोयीचा असतो ते बसल्याशिवाय कळत नाही. दोन्ही सायकली ब्रेकव्हॅनमध्ये टाकल्या आणि आम्ही म्हातारा-म्हातारी काशीला गेलो. हे नव्वद सालानंतरचं, घराघरात फोन नव्हते तेव्हाचं.

घाटावर तांब्याचा लोटा भरून तोंड लाखेनं बंद करून घेतलं. नेम एकच, घरच्या महादेवापर्यंत पाणी जमिनीला टेकवायचं नाही. पण रीवा यायच्या आधीच बघितलं तर लोटा बुडाशी पाझरतोय आणि पुढच्या चाकावर थेंब थेंब पडतायत. एका चहावाल्यानं पांढरा प्लास्टिकचा कॅन दिला, त्यात पाणी ओतून घेतलं. लोटा मात्र टाकला नाही. देवळात घालताना तांब्याचंच भांडं पाहिजे म्हणून तो रिकामाच हँडलला लटकत राहिला, चांगला चकचकीत. कॅन ह्यांच्या सायकलीला. रात्री धर्मशाळेत खुंटीला, नाहीतर झाडाच्या फांदीला.

त्या रस्त्याचं काय सांगू? आता आठवताना मला तो रस्ता वाटतच नाही, झोपेत वाहत गेल्यासारखं वाटतं. पाय फिरत असतात आणि आपण कुठंतरी दुसरीकडंच असतो. जबलपूरच्या पुढं सागवानाचं रान लागलं, मोठमोठी पानं वाळून खाली पडलेली, चाकाखाली चुरचुर वाजायची. पुढं ह्यांची पाठ, पाठीशी हलणारा तो पांढरा कॅन, त्यात कधी ऊन भरायचं कधी सावली. तासन् तास मी तेवढंच बघत जायचे. भाषा बदलायची, भाकरीची पोळी व्हायची, पोळीची परत भाकरी व्हायची, आणि कॅनमधलं पाणी तसंच डुचमळत पुढं चाललेलं. मधेच मला वाटायचं, आम्ही कुठं चाललोय, तेच चाललंय. पण मी तसं बोलले नाही. देवाशी अबोला होता ना.

नागपूर मागं पडलं, औरंगाबाद मागं पडलं, नगर आलं. घोडनदीचा पूल उतरून शिरूरात शिरलो तेव्हा मला रडूच आलं, पाट्या आपल्या, माणसं आपली. निमोणं माझं माहेर. तिथं एक मुक्काम करायचा आणि सकाळी न्हावऱ्यावरून थेट खुटबाव, एवढंच उरलं होतं.

दिवेलागणीला पोचलो. दादा आणि वहिनी दारातच. वहिनी माझ्यापेक्षा मोठी, थोरल्या भावाची बायको, हात कायम कामात. पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. "वन्सं, काय ही दशा! सासरी काय कमी होतं म्हणून सायकलीवर भीक मागत फिरताय?" म्हणून हसली आणि हसता हसता रडली. मग लोट्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, डोकं टेकवलं. आम्ही एवढे दमलो होतो की, गंगा लोट्यात नाही, कॅनमध्ये आहे, हे तिला सांगायचं दोघांनाही सुचलं नाही. जेवताना डोळे मिटत होते.

आता बायकांना हे सांगायला नको. आपल्याकडं बाई उठली की, पहिल्यांदा शिळं पाणी ओतते, भांडी घासते आणि ताजं भरते. पाहुण्याच्या भांड्यात कालचं पाणी ठेवणं म्हणजे घराला कमीपणा. वहिनीनं पहाटे आमचे धुळीचे कपडे धुतले, सायकली पुसल्या, आणि खुंटीवरचा कॅन काढून तो झेंडूच्या सरीत रिकामा केला. रोपं नवी लावलेली, पाणी वाया कशाला घालवायचं? कॅन आतून राखेनं घासला, विहिरीचं गोड पाणी भरलं आणि पुन्हा खुंटीला नेऊन लावला.

मी अंगणात आले तेव्हा ती कौतुकानं सांगत होती, "दाजी, तुमच्या कॅनमधलं पाणी किती दिसाचं होतं ओ? वास न्हाई आला, पर म्हटलं, वाटंला ताजं असू द्यावं."

ह्यांनी माळ घातलेल्या लोट्याकडं बघितलं, कॅनकडं बघितलं. मग उठले आणि सायकलीत हवा भरायला लागले. वहिनीला मी सांगितलं तशी ती मटकन खाली बसली.

"माझ्या हाताला आग लागो. दाजी, मला काय ठावं? मी त्या लोट्याच्या पाया पडले की ओ!"

दादा म्हणाला, "एवढं काय त्यात? बाटलीत विकत मिळतंय गंगाजल. शिरूरहून आणतो, दुपारच्या आत."

"बाटलीतलं बोललो न्हवतो मी देवाला," हे म्हणाले, आणि सायकलीचं तोंड नगरच्या रस्त्याकडं फिरवलं. "मी माघारी जातो. तू इथंच राहा."

मला माझा नवरा माहीत आहे. तो जाणार होता. उजवा पाय संध्याकाळी सुजायचा, तो मी रोज मांडीवर घेऊन चोळायचे, तो पाय पुन्हा तेवढ्या वाटेला लागला तर कुठल्या मैलाच्या दगडापाशी थांबेल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी मागून कॅरियर धरला. ते ओढत होते, मी धरून होते. रानावर धुकं होतं. ओढत ओढत आम्ही झेंडूच्या बांधापर्यंत आलो आणि तिथं मी कॅरियर सोडला; एकदम सुटलेली सायकल सावरत हे थांबले. देवाशी धरलेला अबोला मोडून मी मनात म्हटलं, मला काही कळत नाही रे बाबा. तुझं पाणी, तुझा माणूस. तूच बघ.

तेवढ्यात धुक्यातून एक बाई आली. आमची कुणाची ओळखीची नव्हती. पलीकडच्या वावरात खतासाठी मेंढ्यांचा वाडा बसवला होता, तिथली धनगरीण असणार. हातात काळंभोर पातेलं.

"आक्का, ही वली माती घिऊ का वाईच?" तिनं आमच्या मागोमाग आलेल्या वहिनीला विचारलं. "बुडाला लावाय पायजे, न्हाईतर काजळी निघत न्हाई बघा. आमच्याकडं निस्ती ढेकळं."

"घे बाई," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "लागंल तेवढी घे."

ती सरीत बसली. बरोबर तिथंच, जिथं ओल होती. दोन्ही हातांनी माती काढली, खडे वेचले, मळली आणि चांगला मोठा गोळा केला. तिकडं वाड्यात मूल रडायला लागलं तशी तिनं हातातला गोळा बांधावरच्या चपट्या दगडावर ठेवला आणि ओचा खोचायला लागली. गोळ्यावर तिचे तळवे उमटलेले. झेंडूचं एक पान मातीबरोबर वर आलं होतं, ते नेमकं डोक्याला चिकटलेलं. आणि गोळ्यातलं पाणी निथळून, पिंडीच्या पन्हाळीतून जावं तसं, दगडाच्या टोकाकडं जात होतं आणि तिथून थेंब थेंब खाली पडत होतं.

सायकल बांधाला टेकली. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग दगडाकडं बघितलं. कुणी सांगायची गरज पडली नाही.

"काय ओ आबा, इच्चू हाय का?" बाई दचकून मागं सरली.

"न्हाई, न्हाई. हात लावू नगंस. थांब जरा."

आणि ते बांधावर गुडघे टेकून बसले, उजवा गुडघा हातानं वाकवून. डोकं टेकवलं. बराच वेळ वर केलंच नाही. बाई माझ्याकडं बघून हसली, "मातीच्या पाया पडत्यात व्हय? चांगलं हाय की."

मग हे तिला म्हणाले, "माय, हा गोळा मला देतीस?"

"आता! रान तुमचं, माती तुमची, मी कोण देणार? घ्या की. मी दुसरा करते." तिनं दुसरा केला, पातेल्यात टाकला आणि मुलाला हाका मारत धुक्यात निघून गेली. मला ती कोण होती असं कुणी कुणी विचारतं. मी म्हणते, एक बाई होती, तिचं मूल रडत होतं, तिला स्वयंपाक करायचा होता. याच्यापुढचं मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची गरजही कधी वाटली नाही.

गोळा तांब्याच्या लोट्यात ठेवला. पाणी गळत होतं त्या भांड्यातून माती कुठून गळणार? वहिनीनं पुन्हा डोकं टेकवलं, आणि ह्यांनी तिला हात धरून उठवलं. "वहिनी, मी वरून घालणार होतो," म्हणाले, "त्यो आदीच खाली यून बसला व्हता. तुम्ही फकस्त दार उघडलं."

निमोण्याहून खुटबावपर्यंतचं मला फारसं आठवत नाही. पारगावचा पूल, खाली भीमेवर पांढरी वाफ. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस आणि गुऱ्हाळांचा गोड धूर, इतका दाट की त्यातून सायकल चालवताना आपण दुधातून चाललोय असं वाटावं. केडगावच्या फाटकात गाडीसाठी थांबलो तर फाटकवाल्यानं ह्यांना ओळखलं. "काय मामा, निघाले का काशीला?" "जाऊन आलो," हे म्हणाले. तो मोठ्यानं हसला, आम्हीही हसलो.

देवळात गुरवानं लोट्यात डोकावून बघितलं. "गंगा कुठाय ओ?" ह्यांनी गोळा पिंडीशेजारी ठेवला, आडाचं पाणी मागवलं आणि दोघांवर मिळून घातलं. गढूळ पाणी पन्हाळीतून बाहेर आलं. लोकांनी ओंजळी धरल्या, कुणी नाक मुरडलं नाही. पुढं कुणी विचारलं, सायकलवर कुठपर्यंत गेला होता, की हे सांगायचे, निमोण्याच्या रानापर्यंत. लोकांना वाटायचं, म्हातारा चेष्टा करतोय.

मी त्या सकाळी फक्त कॅरियर सोडला होता, त्यापलीकडं काही केलं नव्हतं. पण सोडल्यावर काय होतं, ते मला आयुष्यात तेवढ्या एकदाच दिसलं. नंतर विसरलेही, पुन्हा शंभर गोष्टी घट्ट धरून बसले. माणूस आहे.

काही वर्षांनी हे गेले. शेवटच्या सकाळी घरात माणसं जमली आणि गंगाजलाची शोधाशोध सुरू झाली. फडताळ बघितलं, देव्हारा बघितला. दारातून कुणीतरी बोललं, "सायकलवर काशी केली ह्यांनी, आन् घरात थेंबभर गंगा न्हाई?" एकजण कुणाच्या तरी घरून आणायला पळालासुद्धा. मी उठले. माठावरचं झाकण काढलं, रोजचंच पाणी होतं, मीच पहाटे भरलेलं. चमच्यानं त्यांच्या ओठांत घातलं. ते त्यांनी गिळलं, डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा थोडं मागितलं. मी पुन्हा दिलं.