दुर्री, पंजी आणि नव्वी

मी एका मित्राशी खोटं बोललो, आणि पुढं पंचवीसेक वर्षं ते खोटं त्याच्याच तोंडून माझं कौतुक म्हणून ऐकत राहिलो. हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं — बायकोलाही नाही. पत्त्यांचा विषय निघाला की मी उठून जातो, ते जुगाराचा तिटकारा म्हणून, असं तिला वाटतं. तिटकारा आहे खरा. पण तो पत्त्यांचा नाही.

कुठून सुरू करू? पाळ्यांपासून करतो.

नव्वदीच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो. राहायला सानपाड्याला. दर शनिवारी दुपारी पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता लागायचा. तो बघून, कंपनीची बस सुटेपर्यंत आम्ही तिघं सायकल स्टँडमागं तीन पत्ती खेळायचो. मी, सावंत आणि दत्ताराम म्हात्रे. पैशांवर नाही, पाळ्यांवर. आगपेटीची एक काडी म्हणजे एक दुसरी पाळी, तीन ते अकरा — माणसाची सबंध संध्याकाळ खाणारी. हरलेल्यानं जिंकलेल्याच्या तेवढ्या पाळ्या करायच्या. साहेबाला माणूस मोजून मिळाला की त्याची तक्रार नसायची.

नियम सगळीकडचेच. पत्ते टाकून डाव सोडणाऱ्याला समोरच्याचे पत्ते बघायचा हक्क नाही, हवं तितकं फसवा. फक्त एक नियम आमचा होता. कुणी ‘खरं सांग’ म्हणालं तर गप्प बसायचं, हसायचं, विडी पेटवायची — पण तोंडानं खोटं बोलायचं नाही. कुणी केला होता हा नियम, कोण जाणे. बहुतेक दत्तारामनंच.

दत्ताराम जवळच्याच तळवली गावचा. वडील नव्हते, पाठची एकच बहीण, कमल. तिचं लग्न ठरलं. ज्यांच्याकडं हळद म्हणजे लग्नाहून मोठी, असे हे लोक. आणि पहिली हळद दादानं लावायची, असं घरात ठरलेलं. हळद गुरुवारी संध्याकाळी. आईच्या आजारपणात त्याची रजा संपलेली. आणि त्या शनिवारी तक्त्यात त्याला आठवडाभर दुसरी पाळी लागली.

सावंतही दुसऱ्या पाळीतच होता. पहिल्या पाळीत एकटा मी. मी म्हणालो, “गुरुवार करतो की मी.” म्हणालो — पण जरा उशिरा, जरा हळू. त्याच्या ते लक्षात आलं असेल का? तो म्हणाला, “फुकट नको, शिंद्या. जिकून घेईन.”

आता तुम्हाला एक सांगायला हवं. त्या दोघांत मला ‘पॅकमास्तर’ म्हणत. पॅक म्हणजे डाव सोडणं; चांगले पत्ते आले तरी मी टाकून मोकळा व्हायचो. हसण्यावारी न्यायचो मी ते. पण आत बोचायचं — फार बोचायचं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस काय करून बसतो पहा.

शेवटचा डाव. गुरुवार अजून दत्तारामच्या हाती लागला नव्हता. सावंतनं पहिल्याच फेरीला पत्ते टाकले. मी पत्ते उचलले — दुर्री, पंजी, नव्वी. तिन्ही वेगळ्या रंगांची. याहून रद्दी पत्ते क्वचितच येतात. का कुणास ठाऊक, मी काडी टाकली. दत्तारामनं टाकली. मी परत टाकली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्या हाताची भीती दिसली — आणि मला ती आवडली.

बसचा हॉर्न वाजला. तो पत्ते छातीशी धरून माझ्याकडं बघत होता.

“शिंद्या, खरा सांग. हाय काय मोठा? टाकू का?”

गप्प बसायचं होतं. एवढंच तर करायचं होतं.

मी म्हणालो, “टाक दत्ता. ट्रेल आहे.”

म्हणजे तिन्ही सारखे. त्यावर काही उरतच नाही. त्यानं पत्ते टाकले. मग उलटे करून दाखवले — एक्क्यांची जोडी. “बग, तुझ्या शब्दावर टाकली.”

सावंत त्याच्या मालवणीत ओरडला, “अरे, पॅकमास्तर आज वाघ झालो!”

“दाखव तरी,” दत्ताराम म्हणाला. “कसला ट्रेल ता तरी बगू.”

माझा हात तीन पत्त्यांवर होता. पालथा. मी ते उलटे केले असते तर काय झालं असतं? चार शिव्या. सावंतनं पाठीत गुद्दा घातला असता. आणि गुरुवारची पाळी माझी झाली असती, न मागता. मला हे सगळं तेव्हाही कळत होतं. मी म्हणालो, “टाकणाऱ्यानं विचारायचं नसतं,” आणि ते तीन पत्ते गड्डीत घालून पिसले. उगाच खूप वेळ पिसले.

खोटं क्षणात तोंडातून गेलं, असं एक वेळ म्हणता येईल. पण शनिवार ते गुरुवार म्हणजे पाच दिवस होते माझ्याकडं. त्याचं काय?

गुरुवारी मी हळदीला गेलो. हो — गेलो. आमंत्रण होतं. मांडवात बसून जेवलो. ढोलकी वाजत होती, बायका गात होत्या, आणि कमल पाटावर बसून सारखी रस्त्याकडं बघत होती. कुणीतरी सांगितलं, दादाला सुट्टी नाय मिळाली. पहिली हळद मामानं लावली. कमलनं मान वर केली नाही. मी मात्र दुसऱ्यांदा भात घेतला. ते मला अजून आठवतं.

दत्ताराम तर तो डाव सगळ्या खात्याला सांगत सुटला. “शिंद्यानं मना वाचवला. अजून चार काड्या घालवल्या असत्या मी. ट्रेल असून सांगून टाकलंन, इतका सच्चा मानूस!” मग कुणाचा वाद झाला की मला बोलवायचे, शिंदे सांगतील ते खरं. मी जायचो. निवाडा करायचो.

कितीदा वाटलं, सांगून टाकावं. दरवेळी वाटायचं, आता काय उपयोग? हे वाटणं फार सोयीचं होतं.

गेल्या महिन्यात दत्तारामनं रविवारी दुपारी जेवायला बोलावलं. त्याचा नवा जावई आला होता, कमलही होती. सुरमई वाढता वाढता त्यानं जावयाला तीच गोष्ट सुरू केली. कमल हसत म्हणाली, “त्या पत्त्यांपायी माजी हळद चुकली दादाची. मी रस्त्याकरं बगून बगून मान मोरली.” सगळे हसले. दत्तारामही हसला — पण डोळे पानाकडं होते. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं.

माझा हात उष्टा होता. तसाच मांडीवर ठेवून मी बोललो.

“दत्ता, माझ्याकडं ट्रेल नव्हता. दुर्री, पंजी आणि नव्वी होती. तू खरं सांग म्हणालास आणि मी खोटं सांगितलं. कमल, तुझ्या हळदीला दादा नव्हता तो माझ्यामुळं. आणि मी तिथं येऊन जेवलो. मी चुकलो. तुम्हा दोघांचाही अपराधी आहे.”