वजीर घ्या, दिनेशराव

माझी मिशी माझ्या सासऱ्यांनी काढली, आणि त्याच दिवशी सकाळी ती वाचवण्याचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला होता. दोन्ही कामं त्यांनी प्रेमानेच केली. तरी मिशी वाचली नाही, कारण मधे मी होतो.

मी ठाण्यात बाळकुमला राहतो आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो, म्हणजे दिवसभर ट्रकची वाट बघतो. ट्रकची वाट बघता बघता मोबाइलवर बुद्धिबळ खेळायची सवय लागली. तीन मिनिटांचा डाव. तुमच्या घड्याळात तीन मिनिटं, समोरच्याच्या घड्याळात तीन. ज्याची आधी संपली तो हरला, मग पटावर त्याचं कितीही मोठं साम्राज्य असो. सुरुवातीला मी सगळ्यांकडून हरायचो. पुढे निवडक लोकांकडून हरू लागलो. याला प्रगती म्हणतात, आणि प्रगती झाली की ती चार लोकांना दाखवावीशी वाटते.

म्हणून दर रविवारी सकाळी बेडरूममध्ये लॅपटॉप मांडून मी माझे डाव लाइव्ह दाखवू लागलो, मराठीत बोलत बोलत. चॅनेलचं नाव ‘चहा आणि शह’. प्रेक्षक मोजके पण निष्ठावान. (त्यातली एक माझी बायको सुजाता. ती स्वयंपाकघरात आवाज बंद करून लावून ठेवायची, तेवढाच आकडा वाढतो म्हणून.) सगळ्यात निष्ठावान होता तो ‘खडवलीचा उंट’ या नावाने लिहिणारा एक गृहस्थ. मी जिंकलो की तो गप्प असायचा. हरलो की लगेच, ‘सर, आज पण का?’

तर एका रविवारी या उंटाने विचारलं, ‘सर, पंधराशे रेटिंग या जन्मी होणार का?’ रेटिंग म्हणजे डाव जिंकला की थोडे वाढणारे, हरला की थोडे घटणारे गुण, आणि मी तेव्हा चौदाशे पन्नासच्या आसपास लोंबकळत होतो. चिडलो. चिडून कॅमेऱ्यात बघत म्हणालो की पुढच्या रविवारी बाराच्या आत पंधराशे झाले नाहीत, तर त्याच संध्याकाळी इथेच लाइव्ह मिशी काढीन.

मिशी कॉलेजपासूनची होती. लग्नाच्या फोटोत आहे, आधार कार्डावर आहे. सुजाताने मला बिनमिशीचं कधी पाहिलेलं नव्हतं. ती हात पुसत बेडरूमच्या दारात आली आणि म्हणाली, “मला न विचारता घरातली वस्तू पणाला लावलीस?” त्या दिवशी तिने नेमका आवाज चालू ठेवला होता.

आता अण्णा. अण्णा म्हणजे सुजाताचे वडील, कल्याणला एकटे राहतात. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्यापासून त्यांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं, घराबाहेर पडणंही. सुजाता दर आठवड्याला इकडे या म्हणून विनवायची, ते “बघू” म्हणायचे. माझ्याशी तर ते तसेही मोजकंच बोलत. सासरे-जावई म्हणून आमचं नातं एकमेकांना ‘जेवलात का’ विचारण्यापुरतं होतं. एकदा सुजाता रडवेली होऊन म्हणाली की ते आणि आई रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळायचे, आता पट कपाटावर पडून आहे. तू काहीतरी कर. म्हणून मी आमचा जुना टॅब कल्याणला नेला, त्यांचं खातं उघडून दिलं आणि मित्रांच्या यादीत माझं नाव घातलं. त्या यादीत दुसरं कोणी नव्हतं.

अण्णा भराभर शिकले. अडचण एकच होती. ते खेळत टॅबवर, पण शह दिला की मोबाइलवरून मला फोन करत. “दिनेशराव, शह आहे हं.” बस, एवढंच, आणि फोन बंद. वजिरावर हल्ला असेल तरी फोन. मी समजावलं की अण्णा, स्क्रीनवर दिसतं, सांगावं लागत नाही. ते म्हणाले, “न सांगता शह देणं म्हणजे बेल न वाजवता घरात शिरणं. आमच्याकडे तशी पद्धत नाही.” सासऱ्यांचा फोन न उचलण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्यामुळे अण्णांशी खेळताना मी आलेला फोन स्पीकरवर टाकून खेळत राहायचो. खरं सांगतो, कारखान्यात दुपारी ट्रकची वाट बघताना “शह आहे हं” असा आवाज आला की मला बरं वाटायचं. माणूस दिवसभरात निदान चार शब्द बोलला, हे संध्याकाळी सुजाताला सांगता यायचं.

तो रविवार उजाडला. प्रेक्षक नेहमीपेक्षा बरेच जास्त. (मिशीला एवढा मान आहे हे आधी माहीत असतं तर चॅनेलचं नाव वेगळं ठेवलं असतं.) मी सकाळपासून घासाघीस करत, हरत-जिंकत, घामाघूम होत चौदाशे शहाण्णवपर्यंत पोचलो. बारा वाजायला एका डावाचा वेळ उरला. एक विजय, की मिशी माझी. मी नवा डाव शोधणार, तेवढ्यात स्क्रीनवर आव्हान आलं. तीन मिनिटांचं. पाठवणारे, अण्णा.

अण्णा कधीच तीन मिनिटांचा डाव खेळत नसत. आव्हानाखाली दोन बटणं होती, होकार आणि नकार. सासऱ्यांना नकार द्यायचं बटण कुठल्या जावयाने दाबलंय? शिवाय, खोटं कशाला बोलू, मनात लगेच हिशेबही झाला. अण्णांचं रेटिंग माझ्यापेक्षा कमी, पण हरवलं तर हवे तेवढे गुण मिळतील. मी होकार दिला आणि प्रेक्षकांना सांगितलं की हे माझे सासरे आहेत, खेळात नातं नसतं.

सुरुवातीलाच त्यांच्या उंटाने शह दिला. फोन वाजला.

“दिनेशराव, शह आहे हं.”

“हो अण्णा, बघतोय.”

प्रेक्षकांची करमणूक सुरू झाली. मी राजा सारला. आणि पुढच्याच चालीला अण्णांनी आपला वजीर उचलून थेट माझ्या प्याद्याच्या तोंडाशी आणून ठेवला. आडोसा नाही, आधार नाही. घ्या म्हणून.

इथे सुधारत चाललेल्या खेळाडूचं दुखणं सांगायला हवं. अगदी नवखा असतो तो फुकटचा वजीर दिसला की घेतो आणि जिंकतो. पोचलेला खेळाडू नीट पाहून घेतो आणि जिंकतो. माझ्यासारखा मधला असतो, तो फुकटचं काही दिसलं की संशय येण्याइतपत शिकलेला असतो, आणि संशय खरा की खोटा हे न कळण्याइतपत कच्चा. मी कॅमेऱ्याकडे वळून सावकाश समजावलं, “मित्रांनो, इथे घाईघाईने वजीर घेतला की संपलं. हा सापळा आहे.” कसला सापळा ते मला सापडेना. शोधण्यात घड्याळातला मोठा तुकडा गेला. शेवटी मी वजीर तिथेच सोडला आणि भलतंच एक प्यादं सरकवलं.

अण्णांनी वजीर तिथून काढला आणि माझ्या हत्तीपुढे ठेवला. मी म्हणालो, “बघा, दुसरा सापळा. जुनी माणसं फार खोल असतात.” पुन्हा विचार, पुन्हा भलतंच प्यादं. चॅटमध्ये उंटाने लिहिलं, ‘सर, घ्या ना.’ मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मग वजीर माझ्या घोड्यापुढे आला. फोन पुन्हा वाजला. मला वाटलं शह असेल.

“अहो, सापळा वगैरे काही नाही. तो वजीर घ्या.”

पाठीमागून माझाच आवाज ऐकू येत होता, ‘जुनी माणसं फार खोल असतात.’ अण्णांनी कल्याणला टीव्हीवर माझं लाइव्ह लावलं होतं, ते थोडं मागून पोचत होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सुजाताने त्यांना मिशीचं सांगितलं होतं, आणि अण्णा मला जिंकवायला आले होते. आणि हे सगळं स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत चाललं होतं! चॅटमध्ये ‘फिक्सिंग’ हा शब्द पावसासारखा पडायला लागला.

“अण्णा, हे लाइव्ह आहे,” मी दबक्या आवाजात म्हणालो. “सगळे ऐकतायत.”

“ऐकू देत. माझा वजीर आहे. मी कोणालाही देईन.”

“असा दिलेला घेता येत नाही हो.”

“का नाही येत? तुमच्या सासूबाई घ्यायच्या.”

अण्णा बोलत राहिले. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाले, लग्नानंतर तिला मीच खेळायला शिकवलं. पहिला डाव हरली आणि इतकी हिरमुसली की जेवली नाही. मग दुसऱ्या दिवसापासून मी वजीर द्यायला लागलो. रोज. कधी चुकून ठेवल्यासारखा, कधी चष्मा विसरल्यासारखा. जिंकली की मस्त गुणगुणत पोळ्या लाटायची. तिला शेवटपर्यंत कळलं नाही. “आता द्यायला कोणी नाही,” ते म्हणाले. “तुम्ही तरी घ्या.”

सुजाता कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी होती. चॅटमधला ‘फिक्सिंग’चा पाऊस थांबला होता. मला त्या क्षणी नियम, रेटिंग, मिशी, काहीही आठवत नव्हतं. एवढंच वाटत होतं की यांनी बोलत राहावं. आणि तेवढ्यात लॅपटॉपमधून टुंग असा आवाज आला.

“काय झालं?” अण्णांनी विचारलं.

“माझा वेळ संपला, अण्णा. तुम्ही जिंकलात.”

“अरेरे,” अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.

हरण्याची एवढी खटपट करणाऱ्या माणसाकडून मी हरलो होतो. उंटाने लिहिलं, ‘सर, संध्याकाळी किती वाजता?’

संध्याकाळी मी कात्री घेऊन आरशासमोर धीर गोळा करत होतो, तेव्हा बेल वाजली. दारात अण्णा. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते कल्याणहून आमच्याकडे आले होते, तेही एकटे, न कळवता. सुजाता दारातच त्यांच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, “माझ्यामुळे गेली. तर मीच काढतो, नीट.” पिशवीत त्यांचा ब्रश, साबणाची वाटी आणि वस्तरा होता.

लाइव्ह सुरू झालं. सकाळच्यापेक्षा दुप्पट लोक. मी खुर्चीत, गळ्यात टॉवेल, ओठावर फेस. अण्णांनी वस्तरा टेकवला आणि सवयीने म्हणाले, “शह आहे हं.” आणि नेमका तोच मुहूर्त सुजाताला सापडला. ती म्हणाली, “अण्णा, आईला माहीत होतं.”

वस्तरा माझ्या वरच्या ओठावर थांबला.

“काय माहीत होतं?”

“वजिराचं. मला म्हणायची, हे रोज वजीर देतात, मी घेते. नाही घेतला तर घेईपर्यंत देतच बसतील आणि माझा स्वयंपाक राहील. आणि म्हणायची, देऊन किती खूश होतात, कशाला मोडू.”

मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त वस्तरा धरलेला हात दिसत होता. मी श्वास रोखून धरला. (बुद्धिबळात मी एवढा स्थिर कधी बसलो असतो तर सोळाशे झाले असते.) मग अण्णा हसायला लागले. आधी आतल्या आत, मग खांदे हलवून, मग डोळ्यातून पाणी येईपर्यंत. सुजाताही हसत-रडत होती. हसताना वस्तऱ्याने माझ्या ओठाला छोटीशी टोच दिली. तिचा व्रण अजून आहे, आणि मला तो आवडतो.

अण्णा त्या रात्री परत गेले नाहीत. गणपतीपर्यंत राहिले. आमच्या घरात एवढं हसणं त्याआधी कधी झालं होतं ते मला आठवत नाही. त्या उंटाचे मी आजही आभार मानतो. त्याने डिवचलं नसतं तर अण्णा कल्याणच्या त्या खोलीत टीव्हीसमोर गप्प बसून राहिले असते, आणि मला सासरे आहेत हे मला नुसतं कागदोपत्री माहीत असतं.

मिशी परत आली. पंधराशे अजून यायचे आहेत. अण्णांबरोबर आता रोज संध्याकाळी डाव असतो, रेटिंगचा नाही, लाइव्ह नाही, घड्याळही नाही. ठरल्याप्रमाणे मधेच फोन येतो, “दिनेशराव, वजीर ठेवलाय.” देणाऱ्याचा आनंद मोडायचा नसतो, एवढं मी सासूबाईंकडून शिकलोय. मी मुकाट्याने वजीर घेतो आणि मनापासून आभार मानतो. मग थोड्या वेळाने पुन्हा फोन येतो.

“दिनेशराव, मात आहे हं.”